जुना हाय-फाय ॲम्प्लिफायर घेताना आणि ऐकताना: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक जण एकाच क्रमाने विचारतात. आधी 'कुठला मेक घेऊ', मग 'कितीला मिळेल', आणि घरी आणल्यावर 'आवाज का येत नाही'. इथे तो क्रम मुद्दाम बदलला आहे. जुन्या ॲम्पमध्ये नावापेक्षा प्रकृती मोठी. साधा पण ठणठणीत ॲम्प वर्षानुवर्षं गाणं ऐकवतो. नावाजलेला पण आतून खलास झालेला ॲम्प मेकॅनिकच्या फळीवरच मुक्काम ठोकतो.

नेमक्या कोणत्या काळातल्या ॲम्पबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः साधारण १९६५ ते १९८५ या वीस वर्षांतल्या ट्रान्सिस्टरच्या स्टिरिओ ॲम्पबद्दल. त्याच्या आधीचे ते व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे. त्यांच्यासाठी पुढे वेगळं उत्तर आहे. ज्यात रेडिओही असतो त्याला रिसीव्हर म्हणतात. तपासण्या दोघांच्या सारख्याच.

बाजारात नवे मिळत असताना जुना का घ्यायचा?

कारण त्या काळी कंपन्यांची चुरस ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि स्विच यांच्यावर चालायची. जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा, वजनदार नॉब, बास-ट्रेबलची खरी उपयोगी बटणं आणि तबकडीसाठी आत बसवलेला फोनो विभाग हे सगळं मधल्या किमतीच्या ॲम्पमध्येही मिळायचं. शिवाय बहुतेकांचे भाग सुटे असतात. एक ट्रान्सिस्टर गेला तर तेवढाच बदलता येतो. बऱ्याच मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल आजही मिळतात. पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू डाग देऊन (सोल्डर करून) पुन्हा गाती करता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

'जुन्याचा आवाज गोड असतो' एवढ्याच कारणासाठी मात्र घेऊ नका. वाळलेल्या कंडेन्सरचा (वीज साठवणाऱ्या भागाचा) ढिला बासही काहींना गोड वाटतो. दुरुस्त केलेला चांगला जुना ॲम्प स्वच्छ वाजतो. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात आणि डग्ग्याची घुमार थोपटल्यासारखी न येता तिला सूर असतो. ऐकताना कसोटी ही लावा.

मुंबईत शोधायचं कुठे?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीतलं घर. गिरगाव, दादर, माटुंगा, पार्ले, वांद्रे इथल्या जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला जात आहेत. सामान बांधताना माळ्यावरचा ॲम्प खाली येतो आणि 'याचं काय करायचं' हा प्रश्न उभा राहतो. नातेवाईक, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, ऑफिसातली ज्येष्ठ मंडळी यांच्या कानावर घालून ठेवा. घरातल्या ॲम्पचा इतिहास कळतो. कोणी आणला, कधी बंद पडला, कोणी उघडला हे विचारता येतं. ही माहिती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात मुंबईत जपानी संच यायचे ते आखातातून परतणाऱ्यांबरोबर, जहाजावरच्या लोकांबरोबर, नाहीतर मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याच्या वाटेने. त्यातल्या बऱ्याच संचांना मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो. आपल्यासाठी हे सोयीचं.

चोर बाजारात, म्हणजे मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत, अजूनही ॲम्प, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर दिसतात. दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो. रस्त्यावर घेतलेली वस्तू चालवून बघता येत नाही, म्हणून तिची किंमत सुटे भाग म्हणूनच करा. दुकानात मात्र 'लावून दाखवा' म्हणायला अजिबात संकोचू नका. दुकानदार तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांसाठी. कंडेन्सर, फ्यूज, केबल, मल्टिमीटर सगळं ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

ऑनलाइन जाहिराती बघा, पण फोटोवर पैसे पाठवू नका. पंधरा-वीस किलोचा ॲम्प कुरिअरने आला की कोपरे चेपतात, कधी ट्रान्सफॉर्मर पत्र्यासकट वाकतो. मुंबई-ठाण्यातला असेल तर स्वतः जा आणि टॅक्सीने मांडीजवळ घेऊन या. लोकलने आणायचा असेल तर दुपारच्या कमी गर्दीत, मालडब्यातून.

बघायला जाताना काय न्यायचं आणि काय तपासायचं?

न्यायच्या वस्तू मोजक्या: साधा डिजिटल मल्टिमीटर, फोन, फोनची ३.५ मिलिमीटरची पिन ते दोन आरसीए (ॲम्पच्या मागे लागणाऱ्या गोल पिना) अशी केबल, थोडी स्पीकर वायर, टॉर्च, आणि जमल्यास गेला तरी हळहळ वाटणार नाही असा छोटा स्पीकर.

आधी बंद ॲम्प बघा. पत्र्याच्या जाळीतून टॉर्च मारा. आत जळकट वास, फुगलेले कंडेन्सर, हिरवट गंज, झुरळांची घाण दिसते का? स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर कोणीतरी आत जाऊन आलं आहे. ते वाईटच असतं असं नाही, पण विचारा. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. कारण फ्यूज का उडत होता हे न शोधता कोणीतरी तो ॲम्प चालवला आहे.

मग स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून चालू करा. बऱ्याच ॲम्पमध्ये काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो. तो रिले. आतली यंत्रणा सगळं ठीक आहे असं पाहून मगच स्पीकर जोडते. रिले असलेल्या ॲम्पमध्ये टक् आलाच नाही तर आत बिघाड आहे असं धरून चाला. दहा मिनिटं तापू द्या. मग मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर, दोन्ही बाजूंना, मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेलं तर ॲडजस्टमेंट किंवा दुरुस्ती लागणार. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडूच नका, व्हॉइस कॉइल जळेल. ज्या जुन्या ॲम्पच्या आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो, उदाहरणार्थ क्वाड ३०३, तिथे ही मोजणी फारसं काही सांगत नाही.

हे झालं की ऐका. प्रत्येक नॉब सावकाश पूर्ण फिरवा, प्रत्येक स्विच दाबा. खरखर येईलच. मुंबईच्या हवेत ती न येणं हेच नवल, आणि साफसफाईने ती बहुतेक जाते. डावी-उजवी बाजू सारख्या जोराने वाजते का? एक बाजू मधूनच जाते आणि नॉब हलवला की परत येते का? तेही बहुतेक कळकटलेल्या संपर्काचंच लक्षण. पण काहीच न वाजवता एका बाजूने सतत 'फस्स' किंवा मधूनमधून 'फट्' असा आवाज येत असेल तर एखादा ट्रान्सिस्टर दमला आहे. तो दुरुस्त होतो, पण किंमत त्या हिशोबाने पाडून घ्या.

निदान अर्धा तास चालू ठेवा. काही बिघाड गरम झाल्यावरच बाहेर येतात. हीटसिंकला हात लावून बघा: कोमट चालेल, एक बाजू थंड आणि दुसरी चटका देणारी असेल तर नको.

जपानहून किंवा अमेरिकेहून आणलेला चालेल?

चालेल, पण थेट प्लगमध्ये नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. पाठीमागची पट्टी वाचा. स्विच नसेल तर योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा असावा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर वापरू नका. ते ॲम्पसाठी नसतात. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, तेव्हा हवा खेळती ठेवा. स्विचवर २२० आणि २४० दोन्ही असतील तर २४० निवडा.

सोबत अमेरिकन रेकॉर्ड प्लेअर असेल तर अजून एक अडचण. ज्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, तो इथे एक षष्ठांशाने हळू फिरेल. ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेरे. ट्रान्सफॉर्मरने हे सुटत नाही. त्यासाठी ५० हर्ट्झची पुली हवी.

किती वॅटचा घ्यावा?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल देतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो आवाज चांगलाच मोठा असतो. दर ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे २० आणि ४० वॅटमधला फरक कानाला थोडासाच. वन बीएचकेत खरे २०-३० वॅट भरपूर झाले.

'खरे' म्हणायचं कारण असं की अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारी नियम आला आणि दोन्ही बाजू एकदम, सलग चालवून मोजलेले वॅट सांगणं कंपन्यांना भाग पडलं. त्यामुळे त्यानंतरच्या जपानी रिसीव्हरचे आकडे विश्वासाचे आहेत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डब्यांवर छापलेले हजारो 'पीएमपीओ' वॅट पूर्ण विसरा.

मग मेक कुठला?

नॅड ३०२०. १९७८ चा, दर बाजूला कागदावर २० वॅट, दिसायला अगदी साधा, आणि लहान खोलीसाठी मी पहिल्यांदा त्याचंच नाव घेईन. मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन पिना आहेत ना ते बघा. त्या हरवल्या की आवाजच येत नाही आणि चांगला ॲम्प 'बंद' म्हणून विकला जातो.

मरँट्झचे २२०० मालिकेतले रिसीव्हर (२२७० म्हणजे दर बाजूला ७० वॅट) देखणे आणि दमदार आहेत, पण निळसर डायलच्या प्रेमापोटी त्यांच्या किमती चढल्या आहेत. सान्सुई, पायोनियर, यामाहा, केनवूड यांचे मधल्या फळीतले ॲम्प तेवढीच साथ देतात. पायोनियरचा एसएक्स-१२५० दर बाजूला १६० वॅटचा. तो पाहून डोळे दिपतात, पण सोसायटीच्या फ्लॅटमध्ये त्याचं करायचं काय? क्वाड ४०५ मजबूत. कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने ॲम्पही हातचे सोडू नका.

ऐंशीच्या दशकातल्या काही ॲम्पमध्ये 'एसटीके' नावाचा एकच मोठा मॉड्यूल सगळं काम करतो. तो वाजत असेल तर खुशाल वाजवा. पण गेलेला असेल तर अस्सल मिळणं अवघड आणि बाजारात नकली फार. बंद पडलेला एसटीके ॲम्प घेऊ नका.

माळ्यावर वीस वर्षं पडून होता. लावून बघू?

थेट नको. इतकी वर्षं वीज न मिळालेले कंडेन्सर एकदम पूर्ण दाब सहन करतीलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे कामाला येतो: ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब ॲम्पच्या वाटेत मालिकेत. एलईडी बल्ब चालत नाही. चालू करताच बल्ब लखकन पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ॲम्प वाचतो आणि घरचा फ्यूजही. मेकॅनिककडे डिमरस्टॅट असेल तर तो व्होल्टेज हळूहळू चढवून बघेल. ते आणखी चांगलं.

आणि एक कळकळीची विनंती: प्लग काढला म्हणजे आतला करंट संपला असं समजू नका. मोठे कंडेन्सर चार्ज धरून ठेवतात. सवय नसेल तर झाकण उघडून आत बोट घालू नका.

दुरुस्तीला कुणाकडे द्यायचा? 'सगळे कंडेन्सर बदलून टाका' म्हणतात ते बरोबर का?

जो आधी मोजतो आणि मग बदलतो, त्याच्याकडे. मॅन्युअल बघतो का, बायस (गाणं नसतानाही ट्रान्सिस्टरमधून वाहणारा करंट) मिलिव्होल्टमध्ये सेट करतो का, काढलेले भाग परत देतो का, हे विचारा. उत्तरांवरून माणूस कळतो. असे कारागीर शहरात आहेत, वयस्कर आहेत, आणि त्यांच्याकडे काम साचलेलं असतं. घाई करू नका, पैशांत फार घासाघीस करू नका. त्यांचा हात हीच या छंदाची खरी पुंजी आहे.

सरसकट सगळं बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर, फोनो विभागातले छोटे इलेक्ट्रोलायटिक आणि तापणाऱ्या रेझिस्टरच्या शेजारचे, हे आधी. १०५ अंश तापमान सोसणारे घ्या, व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा थोडं वरचं. फिल्म कंडेन्सर सहसा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नये. युरोपियन ॲम्पमध्ये पिवळसर, पारदर्शक 'रिफा' कंडेन्सर दिसला तर मात्र तो आधी काढा. त्याला तडे जातात, ओल शिरते आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. जपानी ॲम्पमध्ये भाग चिकटवायला वापरलेला एक पिवळट गोंद काळानुसार तपकिरी होतो, तारा खातो आणि वीजही वाहू देतो. तो खरवडून काढायला सांगा.

आउटपुट ट्रान्सिस्टर बदलावे लागले तर ते अधिकृत वितरकाकडूनच मागवा. नावाजलेल्या जपानी ट्रान्सिस्टरच्या नकला बाजारात भरपूर आहेत. वरची छपाई हुबेहूब, आतली चिप चिमुकली, आवाज वाढवला की उडते. विकणारा 'नवे ट्रान्सिस्टर टाकलेत' म्हणाला तर 'कुठून घेतले' हा प्रश्न विचारायलाच हवा. मूळचे चालू असतील तर मूळचेच बरे.

व्हॉल्व्हचा ॲम्प घेऊ का?

पहिला म्हणून नाही. लीक स्टिरिओ २० किंवा क्वाड टू सुंदर वाजतात, पण आत तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि तेवढा झटका जीव घेतो. स्पीकर न जोडता ते कधीही चालवू नयेत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. दर बाजूला दहा-पंधरा वॅटच मिळतात, म्हणून स्पीकर जास्त संवेदनक्षम हवा. एखादा जाणकार सोबत असेल तर जरूर ऐका.

फोन, टीव्ही, ब्लूटूथ जोडता येतं?

येतं. 'ऑक्स' किंवा 'टेप इन'ला जोडा. 'फोनो'ला कधीही नाही. तो तबकडीच्या पिकअपमधून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतो. फोनचा आवाज तिथे दिला तर फाटका, कर्कश ऐकू येतो. ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला लावला की झालं. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल तर मध्ये एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नल ॲम्पला चालेल असा करून देणारा डबा) लागतो. जुन्या युरोपियन संचांना पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, त्याची आरसीए केबल लॅमिंग्टन रोडवर बनवून घेता येते. क्वाड ३३ सारख्या प्रीॲम्पला (मुख्य ॲम्पच्या आधी लागणाऱ्या वेगळ्या डब्याला) सीडी प्लेअरचे दोन व्होल्ट फार होतात, मध्ये ॲटेन्युएटर (ते व्होल्ट कमी करणारा जोड) लावा.

सगळं जोडलं, दिवा लागला, आवाज नाही!

'टेप मॉनिटर'चं बटण दाबलेलं आहे. बहुतेक वेळा तेच असतं. नसेल तर स्पीकर ए/बी स्विच, मग म्यूट.

सतत गुणगुण येते.

आवाज शून्यावर आणा. तरी तेवढीच राहिली तर पॉवर सप्लायचे कंडेन्सर. नॉबबरोबर वाढत असेल तर केबल किंवा अर्थिंग. फक्त तबकडी लावल्यावर येत असेल तर रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थची तार ॲम्पच्या मागच्या 'जीएनडी' स्क्रूला जोडायची राहिली आहे. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावरच येत असेल तर केबलवाल्याची वायर काढून बघा.

जुन्या चाळींत भिंतीतल्या तिसऱ्या पिनला खरा अर्थ असेलच असं नाही. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ॲम्पच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जून ते सप्टेंबर ॲम्प आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी चालवा. त्याची स्वतःची ऊब ओल घालवते. सगळे नॉब-स्विच अधूनमधून फिरवत राहा, संपर्क घासले जाऊन स्वच्छ राहतात. कोंदट काचेच्या कपाटात आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका. समुद्राजवळ राहत असाल तर वर्षाकाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरने सफाई करून घ्या. दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रे त्यासाठी नाही.

वर विणलेला रुमाल, फोटो फ्रेम, फुलदाणी नको. चालू असताना जाळी उघडी हवी. बंद असताना मात्र झाका, कारण उबेला पाल आत शिरते आणि दोन टर्मिनलांवर पडली की ट्रान्सिस्टर जातात. ट्रान्सफॉर्मरशेजारी झुरळंही घर करतात.

शेजाऱ्यांना त्रास न देता रात्री ऐकायचं कसं?

रहिवासी भागासाठी कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रात्री यासाठीच जुन्या ॲम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं). हे बटण तेवढा बास भरून काढतं. आवाज लहान ठेवूनही मैफल भरलेली वाटते. दिवसा, मोठ्या आवाजात ते बंद ठेवा.

स्पीकर सामाईक भिंतीच्या फळीवर ठेवू नका. स्टँडवर, खाली रबरी पॅड, भिंतीपासून वीतभर तरी पुढे. बासचा त्रास जातो तो हवेतून कमी, स्लॅबमधून जास्त. खोली फारच लहान असेल तर दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा त्रिकोण जमवा आणि जवळून ऐका. ए आणि बी दोन्हीकडे ८ ओहमचे स्पीकर एकदम लावले तर ॲम्पला बहुधा ४ ओहमच दिसतात, तेवढं त्याला झेपतं का हे पाठीमागे वाचून घ्या.

घरात वडिलांचा जुना ॲम्प आहे. तो विकून मोठा घेऊ का?

आधी तोच दुरुस्तीला न्या. त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे आणि विकायला गेलात तर बंद ॲम्पचे हातात फार काही येत नाही. सफाई, कंडेन्सर, बायस एवढं करून महिनाभर रोज ऐका. त्यानंतरही काही कमी वाटलं तर पैसे स्पीकरवर घाला, कारण आवाजात सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. नवे स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवरचे मिलिव्होल्ट पुन्हा एकदा मोजून घ्या.